जुन्या सागवानी आलमारीला पातळ रंगाचा हात: कशामुळे बसतो, कशामुळे बिघडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाडलेल्या वाड्यातून एक सागवानी आलमारी आणि दोन खुर्च्या विकत घेतल्या. आलमारीवर तपकिरी ऑइल पेंट आहे, खुर्च्यांवर काळपट पॉलिश. लाकडाच्या रेषा दिसत राहतील असा पांढरट किंवा निळसर रंग हवा आहे. ऑइल पेंटमध्ये भरपूर टर्पेंटाइन घालून एका बाजूला लावून पाहिला, तर आठ दिवसांनीही तो चिकट आहे आणि पुसलं की निघतो. वाढई म्हणतो, पॉलिश करा नाही तर सरळ ऑइल पेंट मारा, मधलं काही नसतं.

मधलं असतं. त्याला वॉश म्हणतात आणि कामही अवघड नाही. फक्त एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. वॉशमध्ये रंग लाकडावर चढवायचा नसतो, लावून पुसून टाकायचा असतो. पुसल्यावर लाकडाच्या छिद्रांत आणि रेषांत जो अडकून राहतो तोच तुमचा रंग. म्हणजे छिद्रं उघडी हवीत. तुमच्या आलमारीची छिद्रं जुन्या ऑइल पेंटने बुजलेली होती, त्यामुळे वरून काहीही लावलं असतं तरी ते वरच्यावरच राहिलं असतं. त्यात ऑइल पेंट हद्दीबाहेर पातळ केला की रंगाला धरून ठेवणारा तेलाचा अंश इतका पसरतो की घट्ट पापुद्रा तयारच होत नाही. तो भाग टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून काढा, त्यावर दुसरा हात देऊ नका.

सुरुवात लाकूड ओळखण्यापासून. वाड्यातली आलमारी असली म्हणजे सगळी सागवानी असते असं नाही. आपल्याकडे दर्शनी फळ्या आणि चौकट सागाची, आतले खण आंब्याचे, मागची बाजू मिळेल त्या लाकडाची, असं सर्रास केलेलं असतं. कप्पा बाहेर काढा आणि त्याची मागची, कधीच रंग न लागलेली बाजू पाहा. साग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, घासला की कमावलेल्या चामड्यासारखा वास. बिजा लालसर-पिवळा असतो आणि पाण्यात रंग सोडतो. मधुमेहासाठी म्हणून बिजाचे ग्लास विकतात, त्यातलं पाणी रंगतं ते यामुळेच. बाभूळ जड, तिच्यात टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, भरपूर. कडेला थर सुटे दिसले तर प्लाय, भुशाच्या गोळ्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड. सनमायकावर किंवा बोर्डावर वॉश बसत नाही, तिथे हा नाद सोडा.

मग कीड. उधईचे मातीचे ओघळ पायांच्या आतल्या बाजूला आणि पाठीमागे शोधा. घुणाची खूण वेगळी: एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. सागाचा आतला पक्का भाग घुण सहसा खात नाही, सालीकडची पांढरी पट्टी मात्र आवडीने खातो, म्हणून फळ्यांच्या कडा आधी पाहा. भोकं जुनी की चालू हे ठरवायला खाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा. ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं बोरर-उधई औषध मिळतं, ते सुई लावलेल्या सिरिंजने भोकाभोकात सोडा, वरून मेण दाबा आणि आठ-दहा दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. शेतात फवारायचं औषध घरातल्या आलमारीला लावू नका. त्या आलमारीत कपडे राहणार आहेत.

सांधे हलत असतील तर रंगाआधी दुरुस्त करून घ्या. खुर्चीच्या पायाचं कुसू (खाचेत बसणारं टोक) ढिलं असेल तर पूर्ण बाहेर काढून जुना डिंक खरवडा, फेव्हिकॉल लावा, दोरीने आवळून २४ तास तसंच राहू द्या. बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा. हे सांगायचं कारण, फेव्हिकॉल वाळला की दिसत नाही. वॉश लावल्यावर मात्र तिथे रंग शिरत नाही आणि बोटांच्या ठशासकट डाग उठून दिसतो. खड्डे बुजवायलाही हेच लक्षात ठेवा. भिंतीची पुट्टी नको. त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि थोडा फेव्हिकॉल कालवून भरा, आणि तो भाग थोडा वेगळा दिसेल हे धरून चाला. वॉश काही झाकत नाही. झाकायचंच असेल तर वाढई म्हणतो तो ऑइल पेंट बरा.

आता खरं काम, जुना थर काढण्याचं. एकूण मेहनतीतली तीन चतुर्थांश इथे जाते.

खुर्च्यांवरचं काळपट पॉलिश बहुतेक लाखेचं असेल. स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा एका कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. पॉलिश चिकट होऊन कापडाला लागलं तर लाखच आहे, आणि मग तुमचं नशीब चांगलं: स्पिरिट आणि हिरवी नायलॉनची घासणी, एवढ्यावर काम होतं. एका वेळी वीतभर भाग घ्या, भिजवा, घासा, लगेच सुती चिंधीने पुसा. जवळ चूल, बिडी, देवाचा दिवा काही नको, स्पिरिट भडकतं. भांडी घासायची तारेची घासणी इथे वापरू नका. तिचे बारीक लोखंडी कण सागाच्या छिद्रांत अडकतात, पुढे पाण्यातला रंग लागला की ते गंजतात आणि पांढऱ्या वॉशवर काळे ठिपके उमटतात. सागात टॅनिन असतं, टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की काळा रंग होतो. जुन्या खिळ्यांभोवती दिसणारे काळे डागही तेच. त्यांच्यावर ऑक्झॅलिक अॅसिड चालतं: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. ते विष आहे, मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा. उरलेलं पाणी गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका.

आलमारीचा ऑइल पेंट वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. वाड्यातल्या आलमारीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार, म्हणजे त्यात शिसं असेल असंच समजून चाला. कोरडा घासून धूळ उडवू नका, गॅसच्या ज्योतीने जाळू तर मुळीच नका. पेंट रिमूव्हर जाडसर लावा, दहा-पंधरा मिनिटांत रंग फुगतो, मग पुट्टीच्या पत्तीने रेषांच्या दिशेने खरवडा. नक्षीत आणि कोपऱ्यांत जुना दातांचा ब्रश. हे अंगणात, मोकळ्या हवेत, तोंडाला चांगला मास्क लावून, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नसताना करायचं. खरवडलेला कचरा गोणपाटावर गोळा करा, उकिरड्यावर टाकू नका. तो पुढे शेतात जातो. उरलेला रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर थोडं टर्पेंटाइन घेऊन काढा. धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्याने रंग सुटतो हे खरं, पण साग त्याने काळा पडतो, म्हणून तो उपाय इथे नको.

थर निघाल्यावर १२० नंबर, मग १८०. इथेच थांबा. पॉलिश करायचं असतं तर ३२० पर्यंत गेलो असतो. वॉशला इतका गुळगुळीतपणा नुकसान करतो, छिद्रं बंद होतात आणि रंग धरत नाही. कागद नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा आज दिसणार नाही, वॉश लागला की पांढरी रेघ बनून दिसेल. शेवटी ओल्या फडक्याने सगळं पुसून वाळू द्या. लाकडाची लव उभी राहते, ती १८० च्या वापरलेल्या कागदाने हलकेच काढा. असं केलं नाही तर हीच लव वॉश लावताना उभी राहील.

आता दोन परीक्षा. पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात लाकूड गडद होऊन थेंब पसरला तर छिद्रं उघडी आहेत; तो मोत्यासारखा तसाच राहिला तर अजून थर शिल्लक आहे. साग तेलकट असल्याने थोडा वेळ जास्त घेतो, त्याला आधी थिनरच्या फडक्याने पुसून मग थेंब टाका. दुसरी परीक्षा: पांढरं ओलं फडकं लाकडावर पंधरा मिनिटं ठेवा. फडक्याला पिवळा-तपकिरी डाग आला तर लाकूड रंग सोडतं आहे. बिजा आणि बाभूळ हमखास सोडतात, साग कधी सोडतो कधी नाही. असं लाकूड पांढऱ्या वॉशमधून दोन दिवसांनी चहाच्या डागासारखं वर येतं, आणि मग कितीही हात दिले तरी येतच राहतं.

याला उपाय लाखेचा. चपडी लाख ६० ते ७५ ग्रॅम, स्पिरिट एक लिटर, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात नको, लाख काळवंडते. सकाळी बरणी हलवू नका. लाखेतलं मेण गढूळ होऊन खाली बसलेलं असतं, वरचं नितळ पाणी तेवढं अलगद दुसऱ्या बरणीत घ्या. मेणासकट लावलं तर वरचा रंग पुढे सुटतो. हे नितळ पाणी रुंद ब्रशने एकदाच, पातळ लावा, तासाभराने १८० च्या जुन्या कागदाने हलका हात फिरवा. एकच हात, दोन नाही. दोन दिले की छिद्रं पुन्हा बंद आणि आपण परत पहिल्या जागी. लाख लावलेल्या लाकडाला वॉश थोडा घट्ट करावा लागतो, ते पुढे येतंच.

रंग कुठला? पाण्यात मिसळणारा आतल्या भिंतीचा साधा इमल्शन पुरतो. घर रंगवताना उरलेला डबा असेल तर तोच घ्या, नासका वास येत नाही एवढं पाहा. डिस्टेंपर नको, ओल्या हाताने निघतो. चुना तर नकोच, तो टॅनिनवर तपकिरी पडतो आणि कपड्यांना लागत राहतो. निळसर हवा असेल तर पांढऱ्यात निळा स्टेनर (रंगात मिसळायचा घट्ट रंग) घाला, अर्ध्या लिटरला ५ मिलीपासून सुरू करा, १५ च्या पुढे जाऊ नका. एक अडचण आधी सांगतो: सागाच्या पिवळसर रंगावर निळा पातळ केला की तो हिरवट दिसतो. निळाच दिसायला हवा असेल तर त्यात काळ्या स्टेनरचे दोन-तीन थेंब घालून तो राखाडीकडे झुकवा. माझं मत विचाराल तर सागावर राखाडी-पांढरा सगळ्यात चांगला खुलतो. बिजावर पांढरा गुलाबी होतो, तो फार कमी लोकांना आवडतो.

प्रमाण: उघड्या सागाला एक भाग रंग, दोन भाग पाणी. आंब्यासारख्या जास्त पिणाऱ्या लाकडाला एकास तीन. लाख लावलेल्या लाकडाला एकास एक. सहा बाय तीन फुटांच्या आलमारीची बाहेरची बाजू साधारण ४० चौरस फूट भरते. तिच्या एका हाताला १२५ मिली रंग आणि २५० मिली पाणी पुरे. दोन हात आणि दोन खुर्च्या धरून अर्धा लिटर रंगात सगळं होतं. रंग जुन्या ओढणीतून गाळा, गाठी राहू देऊ नका, आणि प्रत्येक वेळी ब्रश बुडवण्याआधी ढवळा, कारण पातळ रंगात पांढरा गाळ पटकन खाली बसतो. पहिली फळी फिकी आणि शेवटची गडद होते ती बहुतेक याच कारणाने.

पाणी कोणतं घेता हेही महत्त्वाचं आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षाराची पांढरी पूड वर येते, कधी रंगात दाणेही धरतात. पाण्यात लोह असेल तर सागावर काळसर छटा येते. आरओचं कॅन आणा, दोन-तीन लिटर पुरतं.

लावायची पद्धत अशी. आधी कप्प्याच्या मागे किंवा खणाच्या खालच्या बाजूला वीतभर नमुना करून पाहा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत बराच फरक असतो. मग एका वेळी एकच फळी किंवा एकच पाय घ्या, कडेपासून कडेपर्यंत. अर्धी फळी आज, अर्धी उद्या असं करू नका. दोन इंची ब्रशने रेषांच्या दिशेने लावा. उभ्या बाजूंना खालून वर जा. वरून सुरुवात केली तर ओघळ कोरड्या लाकडावर पडतात आणि त्याची रेघ जात नाही. लावल्यावर थांबा आणि पाहत राहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चकचकीत ओला असतो, मग चमक एका बाजूने मरायला लागते. चमक अर्धी गेली की पुसायची वेळ. जुन्या धोतराच्या किंवा सुती लुगड्याच्या फडक्याची चौघडी करा, किंचित ओलसर असू द्या, एकदा आडवं फिरवा म्हणजे रंग छिद्रांत दाबला जातो, मग उभं, रेषांच्या दिशेने, एकाच दाबाने शेवटपर्यंत. प्रत्येक फळीला फडक्याची नवी बाजू. नक्षीतला रंग कोरड्या ब्रशने बाहेर ओढा, नाहीतर तिथे पांढरा गाळ साचून वाळतो. चमक पूर्ण गेल्यावर पुसायला घेतलं तर रंग निघत नाही, फक्त ओरबाडला जातो. तसं झालंच तर ओल्या हिरव्या घासणीने लगेच हलका करा.

आपल्याकडे खरी पंचाईत उन्हाची. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला गेला की वॉश अर्ध्या मिनिटात वाळतो आणि पट्ट्या उमटतात. त्या दिवसांत करायचंच असेल तर पहाटे सहा ते आठ, छपरीत, कूलरच्या वाऱ्यापासून दूर, आणि फळी आधी ओल्या फडक्याने पुसून घेऊन. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, दारं तेव्हा रंगवली की हिवाळ्यात आक्रसतात आणि कडेला न रंगलेली पट्टी दिसते. दसऱ्यानंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. फक्त याच दिवसांत घरात कापूस भरलेला असतो. ज्या खोलीत कापूस आहे तिथे वरचा पारदर्शक कोट मारू नका, तंतू उडून त्यात चिकटतात आणि वाळल्यावर काढता येत नाहीत. तुरीचं मळणीयंत्र चालू असेल त्या दिवशीही काम बंद ठेवा.

पहिला हात दोन तासांत वाळतो. हवा असेल तर दुसरा द्या, पण घट्ट करून नव्हे, तितकाच पातळ. शेवटचा रंग कसा दिसेल हे पाहायला वाळलेल्या भागावर ओलं फडकं फिरवा. पारदर्शक कोटानंतर साधारण तसाच दिसतो, थोडा गडद.

वरचा कोट टाळू नका. नुसता वॉश महिनाभरात हाताच्या घामाने आणि तेलाने काळपट होतो. पाण्यातलं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेनचा वरचा थर), मॅट किंवा सॅटिन, तीन पातळ हात, प्रत्येक दोन हातांत दोन-तीन तास आणि मध्ये ३२० चा हलका कागद. आलमारी आणि दोन खुर्च्या मिळून ७० चौरस फूट धरा, तीन हातांना पावणेदोन ते दोन लिटर लागेल. रंगापेक्षा खर्च इथेच जास्त आहे, आणि तो वाचवायला लोक घरचं जवसाचं तेल लावतात. कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं, तोवर धूळ धरतं, आणि पांढऱ्या वॉशला पिवळं करतं. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेटू शकतो, हेही लक्षात असू द्या. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्या लागतात. साधं वार्निशही पांढऱ्यावर पिवळं पडतं. मेणाचं पॉलिश थंड मुलखात छान, आपल्या उन्हाळ्यात ते मऊ पडून धूळ धरतं.

पायांकडे वेगळं लक्ष द्या. जमीन सारवलेली असेल तर शेणपाण्याचे शिंतोडे पायाच्या खालच्या तीन-चार इंचांवर उडतात आणि पायाचा बूड ओल ओढून घेतो. बुडाला पीयूचे चार हात द्या, तो पिईल तितकं, आणि खाली रबरी बूट किंवा फरशीचा तुकडा ठेवा. उधईलाही त्याने अडथळा होतो, ओघळ निदान दिसतो तरी.

हाच वॉश बंगईच्या पाटाला, चौरंगाला, खाटेच्या गातांना चालतो. पोळपाटाला किंवा जेवणाच्या पाटाच्या वरच्या बाजूला नको. देव्हाऱ्याला करणार असाल तर आतला तळ तसाच सोडा. हळद पांढऱ्या वॉशवर एकदा बसली की जात नाही, आणि दिव्याचं तेल झिरपून डाग पसरतो.

शेवटचा पीयू वाळला तरी आलमारीत लगेच कपडे दाबून भरू नका, दोन-तीन आठवडे दारं उघडी राहू द्या. पाणी घातलेला रंग उरला तर टाकून द्या, आपल्या उकाड्यात तो चार-पाच दिवसांत नासतो. पाणी न घातलेला शंभर मिली रंग लहान बरणीत बंद करून ठेवा आणि झाकणावर लिहा: कोणता स्टेनर, किती मिली, पाण्याचं प्रमाण काय. पुढे ओरखडा पडला की त्या जागी १८० चा कागद, त्याच प्रमाणाचा रंग बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने, आणि वर पीयूचा एक हात, एवढ्याने भागतं.